छातीत दुखतंय, ईसीजी नॉर्मल… मग मान कोण तपासणार?

तिरकीमान | सोमवार, सकाळी ९:१२

डाव्या छातीत दाबल्यासारखं दुखतं, खांद्यातून दंडात उतरतं, कधी घामही फुटतो. ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्तचाचणी), टूडी एको, ट्रेडमिल सगळं स्वच्छ. काहींची तर अँजिओग्राफीही होऊन जाते. मग फाइलीवर 'नॉन-कार्डिॲक' असा शिक्का, आम्लपित्ताची गोळी, वर झोपेची अर्धी, आणि "टेन्शन घेऊ नका". या सुटून गेलेल्या मंडळींपैकी काहींचं दुखणं मानेतून येत असतं. त्याला सर्व्हायकल अंजायना म्हणतात. कल्पना नवी नाही. बूथ आणि रॉथमन यांनी १९७६ साली 'स्पाइन' या नियतकालिकात याच नावाने लेख लिहिला होता.

माझं म्हणणं एवढंच, की हृदय निर्धोक ठरल्यावर मानेची तपासणी दहा मिनिटांत होते आणि तीच राहून जाते. हृदयवाले मानेपर्यंत चढत नाहीत, हाडवाले छातीपर्यंत उतरत नाहीत.

इथे डॉक्टर, फिजिओ, भूलतज्ज्ञ बरेच आहेत. ओळखायचं कसं, तपासण्या कोणत्या क्रमाने, उपचार किती आठवडे, कुठे थांबायचं, हे नेमकं लिहा. 'माझ्या आत्याला असंच झालं होतं' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत, त्यासाठी दुसरे धागे आहेत.

गवतीचहा | ९:२०

आत्यालाच बंदी? मग मराठी माणसाने आरोग्याच्या धाग्यावर लिहायचं तरी काय :-)

अतिदक्ष | ९:४१

धागा चांगला आहे, पण शीर्षक वाचून कोणी 'आपली मानच असणार' म्हणून पडून राहायला नको. म्हणून आधी हे.

छातीत दुखत असलेल्या माणसाचा ईसीजी दवाखान्यात पोचल्यापासून १० मिनिटांत निघायला हवा. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे अटॅक नाही असं होत नाही. दुखणं चालू असेल तर दर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढतात. ट्रोपोनिनही एकदाच करून भागत नाही. अतिसंवेदनशील चाचणी असेल तर दुसरा नमुना १ ते ३ तासांनी, जुन्या पद्धतीची असेल तर ६ तासांपर्यंत थांबून. दुखणं सुरू झाल्यावर अर्ध्या तासात काढलेला एकच 'निगेटिव्ह' रिपोर्ट घेऊन लोक घरी जातात, हा सगळ्यात महागात पडणारा घोळ.

दुसरं, गणित उलटंही चालतं. हृदयाचं दुखणं मानेत, जबड्यात, खांद्यात जाणवतं. मान दुखते म्हणून हृदय सुटलं, असं समजू नका. मधुमेही, वयस्क आणि स्त्रियांमध्ये तर नुसता दम, मळमळ, जबड्यात जडपणा एवढंच असू शकतं.

तिसरं, दाबलं की दुखतं, मान वळवली की दुखतं, यामुळे हृदयविकाराची शक्यता कमी होते, पण शून्य होत नाही. आणि हृदय सुटलं तरी महाधमनी फाटणं, फुप्फुसात गुठळी, फुप्फुसाभोवती हवा साठणं ही तीन माणसं मारणारी कारणं उरतातच. पाठीत आरपार फाटल्यासारखी अचानक कळ, दोन हातांच्या रक्तदाबात मोठा फरक, एका पायाला सूज आणि दम, असं काही असेल तर मानेचा विचार बंद.

घरी: १०८ ला फोन, माणसाला बसवा, चालवू नका, स्वतः गाडी चालवत नेऊ देऊ नका. ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल आणि वर लिहिलेली फाटल्यासारखी कळ नसेल, तर एस्पिरिन ३०० ते ३२५ मिग्रॅ चावून. सॉर्बिट्रेट (जिभेखाली ठेवायची हृदयाची गोळी) फक्त आधीपासून लिहून दिलेलं असेल तरच, तेही बसून. सिल्डेनाफिल (व्हायग्रा) २४ तासांत किंवा त्याच जातीचं टाडालाफिल ४८ तासांत घेतलं असेल तर अजिबात नाही, रक्तदाब कोसळतो.

झणझणीत | ९:५५

छातीत दुखलं की आपल्याकडे १०८ च्या आधी ओव्याचा डबा उघडतो. ओवा, मग सोडा, मग पाठ चोळणं, आणि दोन तासांनी रिक्षा.

तिरकीमान | १०:०२

@अतिदक्ष, हे हवंच होतं. 'सॉर्बिट्रेटने थांबलं म्हणजे हृदयच' हा समजही लिहून टाका ना.

अतिदक्ष | १०:०६

चूक समज आहे. अन्ननलिकेची उबळही त्याने सुटते, आणि मानेतून येणारं दुखणंही काहींमध्ये थांबल्याची नोंद आहे. गोळीने थांबलं किंवा नाही थांबलं, यावरून निदान ठरवायचं नसतं.

कणाकणाने | ११:३०

मानेचं दुखणं छातीत का येतं, ते आधी सांगतो. ते कळलं की तपासणी पाठ करावी लागत नाही.

छातीवरचा मोठा स्नायू, पेक्टोरॅलिस मेजर, आणि त्याखालचा मायनर. यांना नसा येतात त्या मानेतून: बाहेरची पेक्टोरल नस सी५, सी६, सी७ मधून, आतली सी८ आणि टी१ मधून (सी म्हणजे मानेची नस, टी म्हणजे त्याखालच्या छातीच्या मणक्यांची, आकडा वरून कितवी ते सांगतो). मानेत मणके सात पण नसांच्या जोड्या आठ, त्यामुळे सी७ ची नस सहाव्या आणि सातव्या मणक्याच्या मधून बाहेर पडते. नेमकी तीच जागा, सी५-सी६ आणि सी६-सी७, मानेत सर्वांत जास्त झिजते. गादी सरकते किंवा हाडाचं टोक वाढतं, नस बाहेर पडायचं छिद्र अरुंद होतं, आणि मेंदूला निरोप जातो तो छातीच्या स्नायूतून आल्यासारखा.

घाम, मळमळ, धडधड मानेमुळेही होऊ शकते. स्वायत्त मज्जासंस्थेच्या गाठींची साखळी मानेच्या मणक्यांच्या पुढूनच जाते, आणि गाद्यांभोवतीच्या बारीक नसांमध्ये तिचे धागे मिसळलेले असतात. म्हणून 'घाम आला म्हणजे हृदयच' हा नियम लागू पडत नाही. पण अतिदक्ष म्हणतात तसं, घाम आला तर आधी हृदयच समजून धावायचं.

उंबरठा | ११:४८

एक शंका. प्रत्येक नसेच्या वाट्याला त्वचेचा एक पट्टा येतो, पण छातीच्या त्वचेवर सी५ ते टी१ चा पट्टाच नसतो. हासळीच्या हाडाखाली सी४ संपतो आणि थेट टी२ सुरू होतो, मधले सगळे पट्टे हातावर गेलेले. मग सी७ दबल्यावर छाती कशी दुखेल?

कणाकणाने | १२:१०

@उंबरठा, शंका अगदी मुळावर. म्हणूनच हे दुखणं त्वचेचं नसतं, खोल असतं. रुग्ण बोट ठेवत नाही, तळहात ठेवतो. छातीच्या त्वचेवर कापसाचा बोळा फिरवला तर संवेदना ठीक लागते, पण स्नायू चिमटीत धरला की कळवळतो. उलट त्वचेवर आग आणि एकाच बाजूला पट्ट्यासारखं दुखणं असेल तर नागिणीचा विचार करा. पुरळ यायच्या आधी दोन-चार दिवस नुसतं दुखतं, आणि त्या दिवसांत एकदा हृदय आणि एकदा मान तपासून होते.

नसेचं मूळ हे एकच कारणही नाही. गादीतून, मणक्यांच्या मागच्या सांध्यांतून, मानेच्या बाजूच्या स्केलीन स्नायूंतूनही दुखणं खाली उतरतं. क्लॉवर्ड यांनी १९५९ साली मानेच्या गाद्यांना सुईने चेतवून दाखवलं होतं, की दुखणं खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या कडेला जाऊन बसतं. फऱ्याच्या आतल्या कडेची ती ठणक छातीतल्या दुखण्याबरोबर असेल, तर माझ्या हिशेबी मानेकडे बोट दाखवणारी ती सर्वांत उपयोगी खूण.

मणकेमास्तर | दुपारी १:१५

फिजिओ आहे. हृदय सुटल्यावर मी ज्या क्रमाने जातो तो देतो.

आधी विचारपूस. दुखणं चालण्याशी बांधलेलं आहे की बसण्याशी? जिना चढताना ठरावीक पायरीवर येतं आणि उभं राहिलं की दोन ते पाच मिनिटांत जातं, तर परत हृदयवाल्यांकडे. चाळीस मिनिटं स्क्रीनसमोर बसल्यावर येतं, कूस बदलताना येतं, शिंकताना चमक जाते, चालताना उलट बरं वाटतं, तर पुढे जायचं. काही सेकंदांची टोचणी किंवा तासन्‌तास चाललेला ठणका, दोन्ही हृदयाला कमी शोभतात.

मग मज्जारज्जू. हे पहिलं, कारण इथे काही निघालं तर पुढच्या चाचण्या करायच्याच नाहीत. सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालवा. मधल्या बोटाचं नख टिचकी मारल्यासारखं खाली सोडा. अंगठा आपोआप आत वळला तर हॉफमन खूण. मूठ उघड-मीट १० सेकंदांत २० पेक्षा कमी झाली तर संशय. शर्टाची बटणं लावता येत नाहीत, अक्षर बिघडलंय, लघवीची घाई होते, मान पुढे वाकवली की पाठीतून विजेचा झटका जातो, यातलं काहीही असेल तर थांबा आणि एमआरआयला पाठवा.

मग चार चाचण्या.

एक, मान दुखऱ्या बाजूला वळवून मोजा; ६०° पेक्षा कमी वळली तर नोंद. दोन, स्परलिंग: बसवून मान दुखऱ्या बाजूला झुकवा, मग डोक्यावरून सरळ खाली साधारण ७ किलोचा दाब, हळूहळू. तीन, उताणं झोपवून हनुवटी आणि कवटीच्या मागे धरून मान लांब ओढा. दुखणं हललं, कमी झालं तर पॉझिटिव्ह. चार, हाताची नस ताणणं: खांदा खाली दाबून धरा, हात ९०° बाहेर, तळवा छताकडे, मनगट-बोटं मागे, दंड बाहेर फिरवा, मग कोपर सरळ करा, शेवटी मान विरुद्ध बाजूला.

वेनर आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या अभ्यासात चारांपैकी तीन पॉझिटिव्ह असतील तर नस दबल्याची शक्यता ६५ टक्के, चारही असतील तर ९० टक्के आली. चौथी चाचणी पूर्ण निगेटिव्ह आली तर नस दबलेली असणं अवघड.

शेवटी ताकद, डावी-उजवी तुलना करत. सी६: मनगट वर उचलणं, अंगठा-तर्जनीची बधिरता. सी७: कोपर सरळ करणं, मधलं बोट, कोपराच्या मागची प्रतिक्षिप्त क्रिया. सी८: मूठ आवळणं, करंगळी. आणि दुखरा हात डोक्यावर ठेवायला सांगा. त्याने आराम पडला तर नस सैल झाली. बरेच रुग्ण हात असाच ठेवून झोपतात, विचारलं तरच सांगतात.

स्परलिंग कोणावर करायची नाही: पडझड-अपघात झालेला, संधिवाताचा (रुमॅटॉइड), कर्करोगाचा इतिहास असलेला, हाडं ठिसूळ झालेला.

उंबरठा | १:४०

मास्तर, क्रम छान. पण वेनर यांचा अभ्यास हाताकडे जाणाऱ्या नसेच्या दुखण्याचा आहे, छातीतल्या नव्हे. स्परलिंगने हातात मुंग्या आल्या एवढ्यावर छातीचं दुखणं मानेचं ठरत नाही. एकाच माणसाला दोन आजार असू शकतात, पन्नाशीनंतर तर असतातच. मी चाचणी पॉझिटिव्ह तेव्हाच धरेन, जेव्हा रुग्ण म्हणेल, "हेच! हेच ते छातीतलं."

मणकेमास्तर | १:५२

मान्य. छातीत तेच दुखणं उमटलं किंवा मान ओढल्यावर तेच थांबलं, असं हवं. माझ्या प्रतिसादात हे वाक्य राहिलं. आणि चाचणी करताना "छातीत दुखतंय का?" असं विचारू नका, "काय होतंय, कुठे?" असं विचारा. उत्तर पुरवलं की रुग्ण हो म्हणतो.

झणझणीत | २:०५

म्हणजे लग्नातला मानपान आणि ही मान, दोन्हीकडे तेच. दुखतं एकीकडे, कारण भलतीकडे.

छायाचित्रे | ३:३०

रेडिओलॉजीकडून थोडं.

एक्स-रे: बाजूने काढलेल्या फिल्ममध्ये सातवा मणका खांद्यांमागे झाकला जातो आणि सहा मणक्यांचाच रिपोर्ट येतो. इथे नेमका तोच भाग हवा असतो. फिल्म हातात आली की मणके मोजा. कमी दिसले तर खांदे खाली ओढून किंवा एक हात वर करून पुन्हा काढायला सांगा. छिद्रं बघायला तिरक्या फिल्म लागतात. 'मानेची वक्रता कमी झाली आहे' हे वाक्य रिपोर्टात दिसलं की घाबरू नका. स्नायू आखडल्याने किंवा हनुवटी खाली घेऊन उभं केल्यानेही तसं दिसतं.

एमआरआय: नाकाशिमा यांच्या २०१५ च्या जपानी अभ्यासात मानेची काहीही तक्रार नसलेल्या १२११ लोकांचे एमआरआय काढले होते. त्यात ८७.६ टक्के लोकांत गादी फुगलेली होती, अगदी विशीतल्या मुलांतही बहुतेकांना. म्हणजे छातीत दुखणाऱ्या कोणाचाही एमआरआय काढला तर काहीतरी सापडणारच. तपासणीत सी७ डावीकडे आलं आणि एमआरआयमध्येही सी६-सी७ ला डावीकडेच छिद्र बंद, तरच जोडणी झाली. उजवीकडची गादी दाखवून डाव्या छातीवर उपचार चालू असलेल्या फाइली असतात, म्हणून सांगतो.

आणि फुप्फुसाच्या टोकावरची गाठ विसरू नका. धूम्रपान करणारा, करंगळीकडे उतरणारं आणि रात्री वाढणारं दुखणं, त्या बाजूची पापणी किंचित खाली, बाहुली लहान. मानेच्या एमआरआयमध्ये टोक कडेला जेमतेम येतं. छातीचा एक्स-रे स्वस्त आहे, तो आधी.

नसांची विद्युत तपासणी, एनसीव्ही-ईएमजी, दुखणं सुरू होऊन तीन आठवडे झाल्याशिवाय करू नका; स्नायूतले बदल उमटायलाच तेवढा वेळ लागतो. पहिल्या आठवड्यातला 'नॉर्मल' फुकट गेला समजा.

पाटीपेन्सिल | ३:४४

विषयांतर: 'स्पॉन्डिलायटिस' म्हणतात ते हेच का?

कणाकणाने | ३:५१

आपल्याकडे ज्याला सगळे स्पॉन्डिलायटिस म्हणतात ते बहुतेक वेळा स्पॉन्डिलोसिस असतं, म्हणजे झीज. 'आयटिस' म्हणजे दाह. खरा दाहाचा आजार वेगळा. तो तरुणपणी येतो, सकाळी अर्धा-एक तास आखडलेलं असतं, हालचालीने सुटतं. पण शब्द आता इतका रुळलाय की पाट्याही तशाच रंगवलेल्या असतात. सोडून द्या.

गोळीबंद | संध्याकाळी ५:२०

औषधांबद्दल.

पहिले दहा-चौदा दिवस नॅप्रोक्सेन ५०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, जेवणानंतर. मूत्रपिंड कमजोर, अल्सर, रक्त पातळ करणारी गोळी चालू, अटॅक येऊन गेलेला किंवा स्टेंट: या सगळ्यांनी दाहशामक गोळ्या टाळायच्या. त्यांना पॅरासिटामॉल ६५० मिग्रॅ, दिवसाला ३ ग्रॅमच्या आत.

मुंग्या-चटका जास्त असेल तर प्रीगॅबालिन, रात्री ५० किंवा ७५ मिग्रॅपासून. पहिल्या आठवड्यात गुंगी येते, म्हणून गाडी चालवू नये, आणि साठीपुढच्यांनी रात्री उठताना धरून उठावं. मूत्रपिंडाच्या आजारात डोस कमी. महिनाभर घेतल्यावर एकदम बंद करायचं नाही, उतरवत न्यायचं.

मेथिलकोबालामिन जोडलेल्या गोळ्या सरसकट दिल्या जातात. बी१२ ने दबलेली नस मोकळी होत नाही. पण शुद्ध शाकाहारी किंवा वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये कमतरता खरंच असते, तेव्हा ती तपासून भरून काढा.

जळजळीची गोळी 'चाचणी म्हणून' दिलेली असेल तर तिला मुदत द्या. चार ते आठ आठवड्यांत काहीच फरक नाही, तर ती बंद करून पुढे बघा. वर्षभर चालू ठेवायची नाही.

पाटीपेन्सिल | ५:३२

आणि पट्टा? मानेचा पट्टा लावला की स्नायू दुबळे होतात, म्हणून कधीच लावू नये असं वाचलंय.

मणकेमास्तर | ५:५८

'कधीच' हे जास्त झालं. २००९ साली 'बीएमजे'मध्ये आलेल्या डच अभ्यासात नस नुकतीच दबलेले २०५ रुग्ण होते. अर्धकडक पट्टा आणि विश्रांती तीन ते सहा आठवडे, किंवा फिजिओथेरपी, यांपैकी काहीही केलं तरी पहिल्या सहा आठवड्यांत दुखणं नुसतं वाट बघणाऱ्यांपेक्षा जास्त उतरलं. सहा महिन्यांनी तिन्ही गट सारखे. म्हणजे पट्टा सुरुवातीच्या दुखण्यापुरता, पुढे हळूहळू काढत जायचा. सहा महिने गळ्यात घालून ऑफिसला जाणं चूक.

लावताना हनुवटी वर ढकलली जात असेल तर पट्टा मोठा आहे. मान मागे गेली की छिद्रं अरुंद होतात आणि दुखणं वाढतं. उंच बाजू मागे करून घातलेले पट्टे त्यामुळे काहींना जास्त आराम देतात.

वजन लावणं, म्हणजे ट्रॅक्शन: उताणं झोपवून, मान साधारण १५° पुढे, ४ ते ५ किलोपासून सुरुवात, ६० सेकंद ओढ, २० सेकंद सैल, एकूण १५ मिनिटं. दर वेळी अर्धा-एक किलो वाढवत न्यायचं, छातीतलं दुखणं कमी होईल तिथे थांबायचं. दारावर अडकवायचा संच घरी वापरणार असाल तर दाराकडे तोंड करून बसा. दाराला पाठ करून बसलं की मान मागे ओढली जाते, आणि 'ट्रॅक्शनने वाढलं' म्हणून तक्रार येते. पाण्याची पिशवी असेल तर एक लिटर म्हणजे एक किलो. जबडा दुखायला लागला तर पट्टा हनुवटीवर जास्त आणि कवटीमागे कमी बसलाय. मज्जारज्जूच्या खुणा असतील तर ट्रॅक्शन नाही.

व्यायामात मुख्य दोन. पहिला, मानेचे खोलातले स्नायू. रक्तदाब मोजायच्या काटेवाल्या यंत्राचा पट्टा घडी करून मानेच्या पोकळीखाली ठेवा, २० पर्यंत फुगवा. उताणं झोपून 'हो' म्हणतो तशी हनुवटी हलकेच आत घ्या, काटा २२ वर न्या, १० सेकंद धरा, १० वेळा. जमलं की २४, २६, शेवटी ३०. बिघडतं ते इथे: डोकं उचललं जातं, श्वास रोखला जातो, गळ्याच्या बाजूचे जाड स्नायू ताठ होतात. बोटांनी चाचपून ते मऊ आहेत याची खात्री करा. जीभ टाळूला टेकवली की जबड्याची लबाडी थांबते.

दुसरा, नस सरकवणं. कोपर सरळ करताना मान त्याच बाजूला झुकवायची, कोपर दुमडताना मान मध्यावर आणायची. १० वेळा, दिवसातून दोन-तीनदा, कुठेही ताणून धरायचं नाही. नंतर मुंग्या दहा मिनिटांहून जास्त टिकल्या तर हालचाल अर्ध्यावर आणा. 'दुखलं म्हणजे लागू पडलं' हा नियम नसेला लागू नाही.

झणझणीत | ६:१०

मोबाइलमुळे डोक्याचं वजन २७ किलो होतं, ते व्हॉट्सॲपवरचं चित्र कोणी टाकलं नाही अजून?

उंबरठा | ६:२५

ते हंसराज यांच्या २०१४ च्या संगणकी गणितावरून आलंय, माणसांवर मोजलेलं नाही. शिवाय मान पुढे घेतली की छिद्रं उलट मोठी होतात. स्नायू दमतात, गादीवरचा दाब वाढतो हे खरं, पण आधीच दबलेल्या नसेला चिमटा बसतो तो वर बघताना. छताचा रंग, पंखा पुसणं, दिवाळीच्या आधी जळमटं काढणं. सूर्यनमस्कारात हात वर नेताना डोकं मागे टाकणं, भुजंगासनात छताकडे बघणं. या दिवसांत नजर समोर ठेवा. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन बंदच.

गवतीचहा | ६:३१

आयुष्यभर मान खाली घालून जगलो, आता वर करायची ठरवली तर त्यालाही बंदी.

उंबरठा | ६:४०

:-) आणखी एक, जे कोणी विचारत नाही: चष्मा. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह काचा असतील तर स्क्रीन वाचायला माणूस हनुवटी वर करतो आणि दिवसभर मान मागे ठेवतो. 'स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत' हा नेहमीचा नियम यांना घातक. त्यांनी स्क्रीन आणखी १० सेंमी तरी खाली घ्यावी, किंवा कामापुरता एकाच नंबरचा चष्मा करावा.

पाटीपेन्सिल | ६:५५

उशी घ्यायची की नाही?

मणकेमास्तर | ७:०२

घ्यायची. कुशीवर झोपल्यावर नाक आणि छातीचं मधलं हाड एका रेषेत येईल एवढी जाड. उताणं झोपताना तिच्याहून पातळ. पालथं झोपायचं नाही, रात्रभर मान एका बाजूला पिळलेली राहते. चारशे रुपयांची असो की चार हजारांची.

अतिदक्ष | ७:३०

न्हाव्याकडे मान मोडून घेणं राहिलं. झटक्याने मान फिरवल्यावर मणक्यातून वर जाणारी धमनी आतून चिरू शकते आणि पक्षाघात होऊ शकतो. दुर्मीळ आहे, पण नस दबलेल्या मानेवर तर नकोच. दाढी झाल्यावर हात डोक्याकडे आला की आधीच सांगा, नाही म्हणून.

सुईदोरा | रात्री ९:१५

भूलतज्ज्ञ, वेदना विभाग. सहा ते बारा आठवडे वरचं सगळं नीट करूनही दुखणं हटत नसेल तेव्हा आमचा नंबर.

निदानासाठी: संशयित नसेच्या मुळाशी अर्धा ते एक मिली भूल, एक्स-रे यंत्राखाली रंगद्रव्य सोडून बघत. छातीतलं दुखणं तासाभरात उतरलं आणि औषधाचा असर संपल्यावर परत आलं, तर पुरावा चांगला. औषध जास्त घातलं की शेजारच्या नसाही बधिर होतात आणि निदान बाद. एवढंसं औषध, म्हणून तर घालतो.

उपचारासाठी स्टेरॉइड. मानेत बाजूने सुई घालताना कणीदार स्टेरॉइड चुकून धमनीत गेलं तर कण अडकून मज्जारज्जू किंवा मेंदूला इजा होते. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) २०१४ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. म्हणून बाजूने द्यायचं असेल तर डेक्सामेथासोन, त्यात कण नसतात. मागून द्यायचं असेल तर सी७-टी१ च्या फटीतून, कारण वर जागा अरुंद. 'मानेत एक इंजेक्शन देऊ' असं ओपीडीत, यंत्राशिवाय कोणी म्हटलं तर उठून या.

कणाकणाने | ९:४०

शस्त्रक्रिया तिघांसाठी: ताकद घटत चाललेली, मज्जारज्जूच्या खुणा, किंवा तीन महिन्यांनीही न सोसवणारं दुखणं आणि वर छायाचित्रे म्हणाले तशी जोडणी. पुढून गादी काढून दोन मणके जोडणं ही पद्धत १९५८ पासून चालू आहे. काहींना कृत्रिम गादी, काहींना मागून नुसतं छिद्र मोठं करून भागतं. पुढून केल्यावर काही दिवस गिळताना अडखळतं, आवाज बसतो. बहुतेकांचा परत येतो. तंबाखू सोडल्याशिवाय हाडं जुळायला वेळ लागतो. नुसत्या छातीच्या दुखण्यासाठी, ताकद ठीक असताना, पहिल्याच भेटीत तारीख देणाऱ्याकडे जाऊ नका.

तिरकीमान | मंगळवार, सकाळी ८:०५

वाचून एक गोष्ट मूळ प्रश्नाकडे नेते. मी लिहिलं होतं 'हृदय निर्धोक ठरल्यावर'. पण ज्याचं हृदय निर्धोक नाहीच, स्टेंट बसवलाय, मधुमेह आहे, आणि सी६-सी७ ला नसही दबलेली आहे, त्याने आज दुखलं तर काय समजायचं?

अतिदक्ष | ८:४०

शांतपणे दोन दुखण्यांची ओळख आधीच करून ठेवायची. वहीत दर वेळी पाच गोष्टी: वेळ, हात काय करत होते, मान कशी होती, किती मिनिटं, कशाने थांबलं. दोन आठवड्यांत मानेच्या दुखण्याची चाल लक्षात येते. मग नियम सोपा. ओळखीच्या चालीचं असेल तर मान सरळ करा, हात डोक्यावर ठेवा, पाच मिनिटं बघा. जरा जरी अनोळखी असेल, चालताना आलं, १० मिनिटं टिकलं, दम-घाम बरोबर असेल, किंवा नेहमीच्या युक्तीने हटलं नाही, तर हृदय समजून १०८. अशा माणसाने दहापैकी नऊ वेळा उगाच फेरी मारली तरी चालेल.

आणि त्याने आयब्युप्रोफेन स्वतःहून घेऊ नये. एस्पिरिनचं काम ते अडवतं.

सुईदोरा | ९:०२

याच माणसासाठी पुरवणी. मानेत सुई घालायच्या आधी क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ ठेवणारी, स्टेंटनंतरची गोळी) साधारण सात दिवस थांबवावं लागतं, आणि स्टेंट नवा असेल तर ते थांबवताच येत नाही. म्हणून आधी हृदयरोगतज्ज्ञाची लेखी परवानगी, मग आमच्याकडची तारीख. गोळी घरच्या घरी बंद करून येणाऱ्यांना आम्ही परत पाठवतो.

गवतीचहा | ९:१०

आत्याला धागा वाचायला दिलाय. चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, हनुवटी वर करूनच वाचतेय.